बिल्ला, क्रमांक आणि उपग्रह

बुऱ्हाणपूरचे रेल्वे स्थानक गावात नाही. ते लालबागेत, शहरापासून सुमारे तीन किलोमीटरांवर आहे. भुसावळकडून किंवा खांडव्याकडून येणारी गाडी रात्री-अपरात्री येथे थांबली की उतरणाऱ्या बहुतेकांना पुढील वाटेसाठी परक्याच्या वाहनाचा आश्रय घ्यावा लागतो. आणि उतरणारे तरी किती तऱ्हेचे! दर्गाह-ए-हकीमीच्या दर्शनासाठी दूरदूरच्या देशांतून आलेली बोहरा कुटुंबे, बडी संगत गुरुद्वाराकडे निघालेले शीख यात्रेकरू, यंत्रमागाच्या कापडाचे आडते, केळीचे व्यापारी, खानदेशातून माहेरी किंवा सासरी निघालेल्या लेकुरवाळ्या स्त्रिया. आपण ज्या रिक्षात बसलो तिच्या चालकाचे नाव यांच्यापैकी कितीजणांस ठाऊक असते? आणि आपल्या पाठीमागे येऊन बसलेला माणूस कोण, हे त्या चालकास तरी कोठे ठाऊक असते? दोन अनोळखी माणसे अंधारात एकमेकांच्या हवाली होतात. बहुतेक वेळा काहीही अघटित घडत नाही, ही माणुसकीची साक्ष आहे. तथापि केवळ तिच्या भरवशावर सार्वजनिक वाहतुकीची व्यवस्था उभी करता येत नाही.

टांग्याच्या काळात ही अडचण नव्हती असे जुनी माणसे म्हणतात, आणि ते बहुतांशी खरेही असावे. शनवारा, इतवारा, सिंधीपुरा, शिकारपुरा या वेशींच्या आतले गाव आटोपशीर होते. टांगेवाला कोणत्या आळीतला, त्याचा बाप कोण, घोडे कोणाच्या मालकीचे, हे चार माणसांत माहीत असे. ओळख हाच बंदोबस्त होता. मुंबईसारख्या महानगरात मात्र हा बंदोबस्त फार लवकर अपुरा पडला, म्हणून तेथे भाड्याच्या वाहनांसाठी १८६३ सालीच स्वतंत्र कायदा करावा लागला. परवाना, गाडीवरील ठळक क्रमांक आणि पुढे चालकाच्या छातीवर आलेला बिल्ला ही सारी त्याच विचाराची अपत्ये होत. गावाला जे तोंडपाठ होते ते शहराने धातूच्या तुकड्यावर कोरून घेतले, एवढेच.

परंतु बिल्ला एकाच प्रश्नाचे उत्तर देतो. हा माणूस कोण, हे तो सांगतो. तो आता कोठे आहे, हे सांगू शकत नाही. या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व मध्य भारताइतके दुसऱ्या कोणत्या प्रदेशाला पटावे? उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरणारा मार्ग असीरगडाच्या पायथ्यावरून बुऱ्हाणपुरास येई, आणि म्हणूनच या शहराला दक्षिणेचा दरवाजा म्हणत. मध्य हिंदुस्थानातील अशाच वाटांवर ठगांच्या टोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपला धंदा केला. ठगांचे खरे शस्त्र रुमाल नव्हते. घरून निघालेला प्रवासी महिनोन्‌महिने परतला नाही तरी तो नेमका कोणत्या मुक्कामानंतर दिसेनासा झाला हे कोणालाच सांगता येत नसे. हे अज्ञानच त्यांचे शस्त्र होते. १८३० नंतरच्या वर्षांत जबलपुरास राहून स्लीमन या अधिकाऱ्याने ही टोळधाड मोडून काढली, ती प्रामुख्याने तलवारीच्या बळावर नव्हे. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या, ठगांच्या वंशावळी, वाटेवरील खुनांच्या जागा दाखविणारे नकाशे, अशी कागदांची चळत त्याने रचली. ‘कोण’ आणि ‘कोठे’ ही दोन्ही उत्तरे एकत्र येताच गुन्हेगारांचा आडोसा नाहीसा झाला. या नोंदवह्यांची दुसरी, काळी बाजूही आहे. तिच्याकडे पुढे वळावे लागेल.

आजच्या काळातील उदाहरण दुर्दैवाने महाराष्ट्रातलेच आहे. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पुण्यात एका मोठ्या कंपनीतील बावीस वर्षांची युवती रात्रपाळीवर जाण्यासाठी कंपनीने ठरविलेल्या मोटारीत बसली. मोटार नेहमीच्या व्यवस्थेतली होती, चालक कोण हे कार्यालयाला माहीत होते. चालकाने व त्याच्या साथीदाराने तिला आडवाटेला नेऊन तिच्यावर अत्याचार केला आणि तिचा खून केला. वाटेत ती दूरध्वनीवर बोलत असतानाच ते संभाषण तुटले होते. म्हणजे पलीकडच्या माणसाला ती कोणत्या मोटारीत आहे हे कळत होते, पण मोटार कोठे आहे हे सांगणारे कोणीही नव्हते. दोघा आरोपींना २०१२ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे अंमलबजावणीस झालेल्या दिरंगाईमुळे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती पस्तीस वर्षांच्या कारावासात बदलली. न्यायाचे चक्र कितीही फिरले तरी ते घटनेनंतर फिरते. मोटार ठरलेली वाट सोडते त्या क्षणी जागे होणारे काही असते तर, हा प्रश्न तेव्हापासून अनेकांच्या मनात घर करून आहे.

असे जागे होणारे यंत्र आता उपलब्ध आहे, आणि ते कसे चालते हे समजून घेणे कठीण नाही. त्यापूर्वी एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘वर उपग्रह आहे, तो गाडीवर नजर ठेवतो’ असे लोक सर्रास बोलतात. प्रत्यक्षात उपग्रहाला खालची मोटार दिसतही नाही आणि तिची खबरही नसते. जीपीएस या अमेरिकी योजनेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात व एकच काम करतात: आपण कोण, कोठे आहोत आणि आपल्या घड्याळात किती वाजले, हे ते अखंड पुकारीत राहतात. मोटारीतील यंत्र ती हाक ऐकते. प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर या गतीने येणारी ती लहर खाली पोहोचावयास सेकंदाचा पंधरावा हिस्सा, क्वचित थोडा अधिक वेळ लागतो. लागलेल्या वेळावरून अंतर निघते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की आपली जागा निश्चित होते. चौथा उपग्रह लागतो तो मोटारीतल्या स्वस्त घड्याळाची चूक सुधारण्यासाठी. कारण सेकंदाच्या दहालक्षांश भागाची चूक झाली तरी हिशेबात तीनशे मीटरांचा घोटाळा होतो. शनवाऱ्यावर उभा असलेला माणूस मग भलत्याच पुऱ्यात दिसू लागायचा!

ही विद्या मूळची लष्करी. १९८३ साली वाट चुकलेले एक कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले व २६९ जीव गेले. त्यानंतर अमेरिकेच्या अध्यक्षांनी ही सेवा नागरी उपयोगासाठी खुली करण्याचे जाहीर केले. तरीही नागरी संकेतांत हेतुपुरस्सर काही चूक मिसळली जात असे. ती मे २००० मध्ये बंद झाली, आणि मगच रस्त्यावरच्या वाहनाला या विद्येचा खरा उपयोग होऊ लागला. भारतानेही आपली ‘नाविक’ ही उपग्रहमाला उभारली. तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये आणि सातवा एप्रिल २०१६ मध्ये सुटला. त्यांतील काहींची आण्विक घड्याळे बिघडली, म्हणून मे २०२३ मध्ये स्वदेशी घड्याळ घेऊन नव्या पिढीचा उपग्रह पाठवावा लागला. आकाशातील घड्याळेही बंद पडतात हे ध्यानात घेऊन चांगले यंत्र एकाच मालेवर विसंबून राहत नाही.

यंत्राला आपला ठावठिकाणा कळला म्हणजे काम अर्धेच झाले. ते दुसऱ्या कोणाला कळविणे हे उरलेले अर्धे, आणि ते उपग्रह करीत नाही. ते खालची मोबाइल यंत्रणा करते. यंत्रात मोबाइलसारखेच सिमकार्ड असते, आणि त्याच्या द्वारे ते काही सेकंदांच्या अंतराने आपली जागा दूरच्या संगणकास कळवीत राहते. साहजिकच जेथे मोबाइलचा मनोरा नाही तेथे ते मुके होते. सातपुड्याच्या खोऱ्यांतून जाणाऱ्या वाटांवर हे ओळखूनच चालले पाहिजे. अशा वेळी यंत्र आपली टिपणे स्वतःजवळ साठवून ठेवते आणि संपर्क येताच ती एकदम पाठवून देते. तपासाला या साठवणीचा उपयोग होतो. संकटात सापडलेल्या माणसाला त्या क्षणी होत नाही.

केंद्र सरकारने २८ नोव्हेंबर २०१६ च्या अधिसूचनेने मोटार वाहन नियमांत १२५-ह हा नियम घातला. प्रवासी वाहतूक करणाऱ्या वाहनांत ठावठिकाणा कळविणारे यंत्र आणि संकटसमयी दाबावयाचे बटण असले पाहिजे, असा त्याचा आशय. मुदती लांबत गेल्या आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या वाहनांना तो लागू झाला. यंत्र कसे असावे याचे प्रमाणक, ज्याला एआयएस-१४० म्हणतात, ते पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने प्रसिद्ध केले आहे. या प्रमाणकातील एक बारकावा मोठा मार्मिक आहे. नेहमीच्या घंटेचे बटण दाबले की विजेचे मंडल जुळते व घंटा वाजते. तार कापली तर घंटा वाजणारच नाही. संकटाच्या बटणाची रचना उलट आहे. त्याचे मंडल सदैव जुळलेले असते व बटण दाबताच तुटते. त्यामुळे दुष्ट हेतूने कोणी तार कापली तरी मंडल तुटते आणि इशारा जातोच. रात्री गस्त घालणाऱ्या रखवालदाराची आरोळी ऐकू येत आहे तोवर गाव झोपते. ती थांबली की जाग येते, तसाच हा प्रकार. शिवाय वाहनाची बॅटरी तोडली तरी यंत्र काही तास चालावे म्हणून त्याच्या पोटात स्वतंत्र बॅटरी असते.

मोबाइलवर वाहन मागविण्याची सोय असताना हे वेगळे यंत्र कशाला, असे ऐकणाऱ्यांपैकी कोणी विचारील. त्याचे उत्तर डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीने दिले. उबर या कंपनीमार्फत मागविलेल्या मोटारीत एका तरुणीवर चालकाने अत्याचार केला. मोटारीचा माग होता तो चालकाच्या मोबाइलवर अवलंबून. मोबाइल बंद करताच माग संपला. चालकाच्या चारित्र्याचा दाखला तपासात बनावट निघाला, आणि त्याच्यावर पूर्वीही गंभीर आरोप झालेले होते. न्यायालयाने २०१५ मध्ये त्याला जन्मठेप दिली. ‘कोण’ आणि ‘कोठे’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कागदोपत्री तयार होती, आणि दोन्ही खोटी किंवा कच्ची होती. ज्याच्यापासून रक्षण करावयाचे त्याच्याच खिशात किल्ली ठेवण्यात अर्थ नसतो. म्हणून यंत्र वाहनाच्या अंगात जडविलेले हवे. आणि दाखला अर्जदाराने आणून देण्याचा नव्हे, तर पोलीस ठाण्याच्या नोंदीशी थेट ताडून पाहण्याचा विषय आहे.

हे सारे वाचून बुऱ्हाणपूरचा वाचक मात्र संभ्रमात पडेल. त्याच्या रोजच्या व्यवहारात टॅक्सी कोठे आहे? येथे धावते ती तीनचाकी रिक्षा आणि अलीकडची ई-रिक्षा. आणि २०१६ च्या नियमाने दुचाकी, तीनचाकी, ई-रिक्षा आणि परवान्याची गरज नसलेली वाहने स्पष्ट शब्दांत वगळली! ई-रिक्षांना तर त्याच वर्षी परवान्यातूनही सूट मिळाली. लहान चालकावर खर्चाचा बोजा पडू नये हा हेतू असेल, तर तो समजण्यासारखा आहे. पण परिणाम असा की महानगरातील वातानुकूलित मोटारीत बसणाऱ्याला संरक्षणाचे कवच मिळाले आणि मध्यम गावातील रिक्षात बसणारी परिचारिका, शिक्षिका, मजूर बाई त्या कवचाबाहेर राहिली. संकट वाहनाची चाके मोजून येत नाही.

रिक्षासाठी काय करता येते हे ठाण्याने दाखविले. ऑगस्ट २०१४ मध्ये तेथे एका तरुणीने, रिक्षाचालक भलत्याच वाटेने वेगात नेत आहे असे पाहून, धावत्या रिक्षातून उडी टाकली. डोक्याला जबर मार लागून ती कित्येक दिवस बेशुद्ध होती. त्यानंतर ठाण्याच्या वाहतूक पोलिसांनी चालकाचे छायाचित्र आणि परवान्याचा तपशील असलेले कार्ड आसनामागे प्रवाशाला दिसेल असे लावण्याची मोहीम हाती घेतली. उपग्रह नाही, बॅटरी नाही, एक साधे कार्ड. पण त्याचा गुण असा की ते दोघांशीही बोलते. प्रवाशाला ते सांगते, हा माणूस नोंदलेला आहे. आणि चालकाला ते आठवण देते, की तू नोंदलेला आहेस. आता अशा कार्डावर चौकटीचौकटींचा क्यूआर संकेतही छापता येतो. प्रवाशाने मोबाइल त्यासमोर धरला की वाहनाचा क्रमांक व चालकाचे नाव पुढे येते, आणि तेच टिपण घरच्या माणसाला धाडता येते. मात्र संकेत सरकारी नोंदीशी जोडलेला हवा. गल्लीतल्या छापखान्यात कोणीही कोणताही संकेत छापू शकतो. वाहन खरे की खोटे हे पाहण्यासाठी परिवहन खात्याची नोंद मोबाइलवरही उघडते. एमपी-६८ ही अक्षरे बुऱ्हाणपूरच्या नोंदणीची. त्यापुढील आकडे वाचून घेण्याची सवय लावली तरी पुष्कळ साधते.

येथवर प्रवाशाचीच बाजू आली. चालकाचा विचार सहसा कोणी करीत नाही, आणि हा मोठा अन्याय आहे. चालक पाठमोरा असतो. त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, खिशात दिवसभराची रोकड असते, आणि प्रवासी म्हणेल तेथे जाणे हाच त्याचा धंदा. सप्टेंबर २०१८ मध्ये भोपाळजवळच्या मंडीदीप येथील एका शिंप्यास अटक झाली. दिवसा तो कपडे शिवी. ट्रकचालकांशी ढाब्यावर मैत्री जोडून, खाण्यापिण्यातून गुंगीचे औषध देऊन, त्यांना ठार करावयाचे आणि ट्रक मालासह विकावयाचा, असा त्याच्या टोळीचा उद्योग होता. तेहेतीस चालक व क्लीनर यांच्या खुनांची कबुली त्याने दिल्याचे पोलिसांनी सांगितले. ठगांच्या वाटेवर, ठगांच्याच रीतीने, पावणेदोनशे वर्षांनंतर! मृत चालक कित्येकदा एका राज्याचा, प्रेत दुसऱ्या राज्यात आणि ट्रक तिसऱ्याच ठिकाणी विकलेला. मग सूत्र जुळावे कसे?

परदेशांत टॅक्सीचालकांच्या रक्षणाचा विचार पूर्वीच सुरू झाला. कोठे चालक व प्रवासी यांच्यामध्ये जाड पारदर्शक पडदा बसविला, कोठे वाहनात कॅमेरा बसविला. कोणता उपाय खरोखर लागू पडतो हे पाहण्यासाठी अमेरिकेतील संशोधकांनी २६ शहरांतील १९९६ ते २०१० या पंधरा वर्षांच्या चालकहत्यांचा हिशेब मांडला. कॅमेरे बसविलेल्या शहरांत चालकांच्या हत्यांचे प्रमाण काहीच न बसविलेल्या शहरांच्या मानाने सुमारे एकतृतीयांश आढळले. पडद्याचा तसा परिणाम दिसून आला नाही. पडदा घाव अडवितो, पण घाव घालणाऱ्याची ओळख ठेवीत नाही, याहून वेगळे कारण सुचत नाही. अनामिकपणा हाच गुन्हेगाराचा साथीदार असतो. तो काढून घेतला की अर्धे धैर्य गळते.

तेव्हा ओळख दोन्ही बाजूंनी पटली पाहिजे. मोबाइलवर वाहन मागविताना प्रवाशाला चार आकडी संकेत मिळतो, तो चालकाला सांगितल्यावाचून फेरी सुरू होत नाही. पुष्कळांना ही कटकट वाटते. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात एक विद्यार्थिनी, आपण मागविलेली मोटार हीच असे समजून, भलत्याच मोटारीत बसली आणि प्राणास मुकली. चार आकड्यांची ही कटकट नेमकी हीच चूक टाळते. हे माणूस योग्य वाहनात आणि वाहन योग्य माणसाजवळ, एवढे ते आकडे पडताळतात. दोघांना एकमेकांचा दूरध्वनी क्रमांक न कळताही बोलता यावे, अशीही सोय कंपन्या करतात. ती आवर्जून असावी. फेरी संपली की ओळखही संपावी. एरवी स्त्रीप्रवाशाचा क्रमांक नसत्या हाती जावयाचा आणि चालकालाही अवेळी निनावी धमक्या यावयाच्या.

जाता जाता एक गोष्ट सांगावी. या यंत्रांचा सर्वांत अधिक उपयोग गुन्ह्यासाठी होत नाही. तो विसरलेल्या पिशव्यांसाठी होतो! कापडाचे नमुने, औषधांची पुडी, मुलाचे दप्तर, आजीची छत्री रिक्षातच राहते, आणि वाहन कोणते हे नोंदलेले असले की ती परत येते. चालकावर नाहक आळ आला तर त्याच नोंदीने तो धुऊनही निघतो. अमुक वेळी मी अमुक ठिकाणी नव्हतोच, हे त्याला शपथेवर सांगावे लागत नाही.

परंतु सर्वांत अवघड प्रश्न यंत्राचा नाहीच. बटण दाबले, इशारा गेला, तो ऐकणारे कोण? मध्य प्रदेशात नोव्हेंबर २०१५ पासून पोलिसांच्या साहाय्यासाठी १०० क्रमांकाची राज्यव्यापी सेवा होती. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची जागा देशभर चालणाऱ्या ११२ या एकाच क्रमांकाने घेतली. वाहनांचे इशारे घेणारी राज्य केंद्रे उभारण्यासाठी केंद्राने निर्भया निधीतून योजना आखली. कागदावर साखळी पूर्ण आहे. प्रत्यक्षात मात्र केंद्राच्या पडद्यावर लाल ठिपका उमटणे आणि वाटेवर पोलिसांची गाडी उभी राहणे यांमध्ये माणसे, पेट्रोल आणि जागरूकता लागते. लहान मुले खेळ म्हणून बटण दाबतात, कोणाचा हात चुकून लागतो, जुनाट तार आपोआप निखळते. अशा दहा खोट्या इशाऱ्यांनंतर अकरावा खरा इशाराही ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतल्यासारखा दुर्लक्षित होण्याचे भय असते. म्हणून प्रत्येक इशाऱ्यानंतर लगेच वाहनाशी वा मालकाशी संपर्क साधून शहानिशा करणारा माणूस केंद्रात बसलेला हवा, आणि वाहन तपासणीस नेले जाते तेव्हा बटण प्रत्यक्ष दाबून त्याचा इशारा पोहोचतो की नाही हे पाहिले पाहिजे. बटण बसविले आहे अशा शेऱ्यावर शिक्का मारणे म्हणजे तपासणी नव्हे.

बुऱ्हाणपुराला याखेरीज सीमेची अडचण आहे. इच्छापूर ओलांडले की महाराष्ट्र लागतो. रावेर, भुसावळ, जळगाव येथील दवाखाने, बाजार, सोयरिकी यांसाठी माणसे रोज या वाटेने जातात-येतात. वाहन मध्य प्रदेशात नोंदलेले, त्याचा इशारा भोपाळच्या संगणकात, आणि वाहन उभे आहे जळगाव जिल्ह्यात. भोपाळने बुऱ्हाणपुरास कळवावे, बुऱ्हाणपुराने जळगावास, जळगावाने रावेरच्या ठाण्यास, असे चालले तर तोवर पहाट व्हावयाची. ज्या भूमीवर वाहन उभे आहे तेथल्याच सर्वांत जवळच्या ठाण्याला इशारा आपोआप जावा, मग ते कोणत्याही राज्याचे असो, ही मागणी सीमेवरच्या गावांनी हक्काने केली पाहिजे. मोबाइल लहरींना नाका नसतो. फाइलींना मात्र असतो.

आता त्या काळ्या बाजूविषयी. स्लीमनच्या नोंदवह्यांनी ठग संपले, पण नोंदवहीची गोडी सरकारला लागली ती लागलीच. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि गुन्हा न केलेल्या माणसांचीही, केवळ जन्मावरून, वह्यांत नावे चढली. त्यांना हजेरी द्यावी लागे, गाव सोडण्यासाठी परवानगी काढावी लागे. कोण व कोठे, हेच दोन प्रश्न. पण विचारणाऱ्याचा हेतू बदलला होता. तो डाग कायद्याने पुसण्यास ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले, आणि लोकांच्या मनातून तो अद्याप पुरता पुसला गेलेला नाही. सुरक्षेसाठी रिक्षाचालकांची नोंद करताना, अमक्या वस्तीतला म्हणून संशयित, असा शेरा त्या नोंदीत शिरता कामा नये. न्यायालयात सिद्ध झालेला गुन्हा, एवढाच आधार पुरे.

प्रवाशांच्या फेऱ्यांची नोंद हीदेखील मोठी नाजूक ठेव आहे. कोण कोणत्या रात्री कोणत्या दारी उतरले, कोणत्या वैद्याकडे गेले, हे त्यातून दिसते. उबर कंपनीतील काही कर्मचाऱ्यांना सर्व प्रवाशांच्या हालचाली एकाच पडद्यावर पाहता येत, हे २०१४ मध्ये उघडकीस आले आणि न्यूयॉर्कमध्ये त्याबद्दल कंपनीला दंड भरावा लागला. पुढे याच कंपनीच्या सुमारे पावणेसहा कोटी प्रवासी व चालकांची माहिती चोरीस गेली. २०१६ सालची ही चोरी वर्षभर दडवून ठेवण्यात आली होती. आपल्याकडे खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला आणि व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्यांना अनुसरून काही गोष्टी आधीच ठरविता येतात: फेरीची नोंद ठरावीक मुदतीनंतर पुसावी, ती कोणी उघडली याचीही नोंद व्हावी, आणि आसनामागील कार्डावर चालकाचे नाव, छायाचित्र व क्रमांक असावा, घरचा पत्ता मुळीच नसावा. त्यालाही बायकामुले आहेत.

राहता राहिला खर्च. दिवसभर राबून रात्री हप्ता, इंधन आणि मालकाचे भाडे यांचा मेळ घालणाऱ्या चालकावर यंत्राची किंमत आणि वर सिमकार्डाचे वार्षिक शुल्क लादले, तर तो यंत्र घेईल पण चालू ठेवणार नाही. तारेचे एक टोक निखळलेले असेल आणि विचारल्यावर ‘खराब झाले’ एवढे उत्तर मिळेल. म्हणून रिक्षासाठी आरंभ कार्डापासून व्हावा हेच शहाणपणाचे. ते छापण्यास फारसे लागत नाही. दुसरी पायरी स्थानकावरील अग्रिम भाड्याची खिडकी. पुणे-मुंबईकडच्या स्थानकांवर लोक या पद्धतीशी परिचित आहेत. प्रवाशाने जावयाचे ठिकाण सांगावे, ठरलेले भाडे भरावे आणि वाहनाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घ्यावी. तिची स्थळप्रत खिडकीत राहते. त्यात प्रवाशाचा दूरध्वनी क्रमांकही टिपला जातो, म्हणजे चालकाचेही रक्षण होते आणि घासाघीसही टळते. यंत्राचा क्रम त्यानंतरचा, आणि तो प्रथम रात्री लांबच्या फेऱ्या करणाऱ्या वाहनांना लागू करून, खर्चाचा वाटा शासनाने उचलून.

लालबागच्या स्थानकाबाहेरील आवार रेल्वेचे, पुढचा रस्ता नगर निगमाचा, परवाना परिवहन कार्यालयाचा आणि गस्त पोलिसांची. कार्ड कोणी छापायचे, खिडकीत रात्री दोन वाजताच्या गाडीला कोणाचा माणूस बसवायचा आणि स्थळप्रती कोणाच्या कपाटात राहायच्या, एवढे तीन प्रश्न या चौघांनी एका टेबलाभोवती बसून सोडवावयाचे आहेत. रिक्षाचालकांच्या संघटनेला त्या बैठकीत पाचवी खुर्ची द्यावी. कोणत्या गाडीला किती प्रवासी उतरतात, कोणत्या वळणावर दिवे नसतात आणि कोणता रस्ता रात्री टाळावा, हे त्या टेबलापाशी त्यांच्याइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक असणार नाही.